काठ लाल, वर पांढरं

मे महिन्यातली बुद्धपौर्णिमा, सकाळचे साडेदहा. जमा वर्गणी एकोणीस हजार दोनशे रुपये. हजर माणसं एकतीस: बायका अठरा, पुरुष नऊ, मुलं चार. जागा, अलीगंजमधल्या आमच्या मोठ्या वहिनींच्या घराचा वरचा मजला. वहिनी माझ्या नात्यातल्या नव्हेत. लखनौला नोकरीनिमित्त आलेल्या आमच्या मराठी घरांत त्या वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच वहिनी.

एवढं मी खात्रीने सांगू शकते. त्यानंतरच्या दोन तासांबद्दल मात्र मला तेव्हाही काही कळत नव्हतं, आणि आता सगळ्यांना विचारून जुळवलं तरी सगळं नीट जुळत नाही.

आम्ही नागपूर, भंडारा, वर्ध्याकडची बौद्ध माणसं. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, दोन-तीन घरं हवाई दलातली. मी एका सरकारी कंपनीच्या हिशेब खात्यात आहे आणि आमच्या मंडळाची खजिनदारही आहे. दर पौर्णिमेला वंदना होते. बुद्धपौर्णिमेला खीर असते, आणि खिरीच्या आधी मी उभी राहून वर्षाचा हिशेब वाचते. हिशेब संपल्याशिवाय खिरीचं पातेलं उघडायचं नाही, हा नियम मीच केलेला. त्यावरून लोक मला चिडवतात, माझ्या हिशेबाला सुत्त, म्हणजे बुद्धवचनाचा पाठ, म्हणतात. "आधी ताईंचं सुत्त, मग खीर," असं त्या दिवशीही मागून कुणीतरी म्हणालंच.

बायका पांढऱ्या साड्यांत होत्या. गुडघे टेकून त्रिसरण-पंचशील झालं, मग सगळ्या सतरंजीवर बसल्या. मी कागद घेऊन उभी राहिले. आदल्या दिवशी मी दिवसभर खिरीच्या तयारीत उभीच होते. त्यात ऊन तर विचारूच नका. कूलर चालू होता, पण तो गरम हवाच फिरवत होता.

"फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती, एक हजार एकशे चाळीस," मी वाचलं. "टेंट हाऊस, सतरंज्या आणि कूलर धरून, दोन हजार आठशे."

मागे बसलेल्या काकूंनी माझा पदर ओढला. "ताई, खाली बसा."

"थांबा काकू, खिरीचा खर्च राहिलाय."

"अहो, बसा म्हणते ना!"

"बेरीज तरी होऊ द्या."

काकू उठल्या आणि माझ्या कानाशी आल्या. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. "साडीला लागलंय," त्या म्हणाल्या. "खाली बघू नका. हसत हसत माझ्याबरोबर चला."

मी अर्थातच खाली बघितलं. माझ्या पांढऱ्या साडीचा मागचा काठ लाल झाला होता आणि मी उभी होते तिथे सतरंजीवर बशीएवढा डाग होता.

मला काहीही दुखत नव्हतं. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढे प्रत्येक माणसाने मला पहिल्यांदा तेच विचारलं. ना पोटात, ना कमरेत, ना पायात. दाढ दुखली तर सगळं घर जागं होतं, आणि इथे अंगातून एवढं रक्त जात होतं तरी अंगाला पत्ता नव्हता.

मी एकावन्न वर्षांची आहे. होळीनंतर मला पाळी आली नव्हती. बाईच्या पांढऱ्या साडीला मागून लाल लागलेलं दिसलं, तर अठरा बायकांपैकी एकीच्याही मनात दुसरं काही येणार नाही. माझ्याही नाही आलं. मी कागद काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "सहा हजार तीनशे पन्नास. खीर."

मग बायकांनी जे केलं ते इतक्या चटकन आणि इतक्या एकजुटीने केलं, की चुकीचं होतं तरी त्याचं मला आजही कौतुक वाटतं. पाच-सहा जणी उठून माझ्याभोवती उभ्या राहिल्या. पंजाबी ड्रेसमध्ये आलेल्या एकीने स्वतःची ओढणी माझ्या कमरेला बांधली, ती घोट्यापर्यंत आली. वहिनींनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "पुरुषमंडळींनी जरा गच्चीवर जावं."

"आत्ता? उन्हात?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"हो, उन्हात. मुलांनाही घेऊन जा."

दाराजवळ हवाई दलातून निवृत्त झालेले दादा बसले होते. ते बख्शी का तालाबला राहतात. त्यांनी बहुधा सतरंजीवरचा डाग बघितला होता. ते म्हणाले, "वहिनी, कुणाला काही लागलंय का? मला फर्स्ट एड येतं."

"हे तुमच्या फर्स्ट एडचं नाही, दादा," वहिनी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मला बाथरूममध्ये नेलं, म्हणजे चालवत नेलं. दाराच्या फटीतून वहिनींनी पॅड दिला, "मोठाय, घ्या," आणि त्यांच्या सुनेचा परकर दिला. मी आत एकटी उभी होते आणि मला पहिल्यांदा हिशेब लागेना. जिथे रक्त असायला हवं होतं तिथे ते नव्हतं. साडी वरपासून गुडघ्याच्या खालीपर्यंत पांढरीशुभ्र होती. काठ लाल, वर पांढरं. परकराचंही तसंच. पावलं मात्र भरली होती, डाव्या पावलाखाली तर घसरत होतं. मी स्वतःला समजावलं, वरून सरळ खाली गेलं असेल. मग म्हटलं, वरून खाली जाताना वाटेत एकही थेंब कसा लागला नाही? आणि मग म्हटलं, आता हे तपासत बसण्याची वेळ आहे का?

मी पाय धुवायला नळ सोडला. मे महिन्यात लखनौच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. साडेदहालाच चहा करता येईल असं असतं. त्या पाण्याखाली मी डावा पाय धरला. लाल पाणी जाळीकडे जात राहिलं. मी धूत राहिले आणि ते येत राहिलं. म्हणजे हे धुतल्याने जाणारं नव्हतं. पण कुठून येत होतं ते त्या लाल पाण्यात दिसत नव्हतं, आणि वाकून बघायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

"ताई, झालं का?" बाहेरून काकू.

"नाही हो. थांबतच नाहीये."

"पाळी जाताना असं होतं कधी कधी. माझ्या नणंदेचं तर बादलीभर गेलं होतं."

"काकू, पण हे..."

"उघडा दार."

दार कसंबसं उघडलं आणि मी तिथेच स्टुलावर बसले. पाय खाली, अर्थात. सगळ्या बायका एकाच वेळी बोलत होत्या. पाणी द्या, साखर द्या, बायकांच्या डॉक्टरकडे न्या. माझी मुलगी गर्दीतून आत आली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे.

"मम्मी, आ कहाँ से रहा है?" तिने विचारलं.

"कुठून येणार?"

"नहीं, मतलब, देखा किसी ने?"

कुणी बघितलं नव्हतं. बघण्यासारखी ती गोष्टच नव्हती. तिने ओढणी वर करायला हात लावला तर वहिनी तिला ओरडल्या, "अगं, आईची अब्रू आहे काही!" तिने हात मागे घेतला. त्याबद्दल वहिनींना तेव्हापासून इतकं वाईट वाटतंय, की तो विषय निघाला की त्या स्वयंपाकघरात जातात.

नवऱ्याने गाडी काढली, काकू मागे बसल्या. मला पुढच्या सीटवर बसवलं आणि पायांखाली प्लास्टिकची पिशवी अंथरली. अलीगंजमधलंच बायकांचं एक नर्सिंग होम, दोन सिग्नल लांब. त्याने तीनदा विचारलं, "आता कसं वाटतंय?" तीनदा मी म्हणाले, "दुखत नाहीये." चौथ्यांदा तो म्हणाला, "अगं, मग नक्की काय होतंय?"

"मला काय माहीत? तुम्ही गाडी चालवा."

पिशवीत रक्त साचत होतं. मी ते किती असेल याचा अंदाज करत होते. पाव लिटर दूध सांडल्यावर दिसतं त्याहून जास्त वाटत होतं. पण रक्त पसरलं की जास्त दिसतं असंही ऐकलं होतं. तेव्हा ते किती होतं ते मी इथे लिहीत नाही.

नर्सिंग होममधली डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. तिने काकूंचं म्हणणं ऐकलं, माझं ऐकलं आणि मला आतल्या टेबलावर झोपवलं. बायकांना ते टेबल ठाऊक असतं. दोन्ही पाय वर उचलून दोन बाजूंच्या आधारांवर अडकवतात. तिने तपासलं. मग बत्ती जवळ ओढून पुन्हा तपासलं.

"आंटी, ब्लीडिंग कब बंद हुई?"

"बंद झाली?"

"यहाँ तो कुछ है ही नहीं। एकदम क्लीन।"

मी मान उचलून नर्सकडे बघितलं. नर्सने फरशीकडे बघितलं. फरशीवर दारापासून टेबलापर्यंत माझ्या डाव्या पावलाचे लाल ठसे होते. फक्त डाव्या. ते आम्हा तिघींनाही दिसत होते.

"तो फिर ये खून किसका है?" नर्स म्हणाली.

मला तर क्षणभर खरंच वाटलं की माझं नसेल, वाटेत कशावर तरी पाय पडला असेल. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाली की युटेरसची सोनोग्राफी करून घेऊ, आयर्न लिहून देते, उठा सावकाश. नर्सने माझे पाय आधारांवरून काढले. मी टेबलावरून खाली उतरले, साडी सावरायला एका हाताने वर धरली आणि उभी राहिले.

इंजेक्शन देण्याआधी नर्स सुईतून औषध उडवून बघते ना, तशी एक बारीक लाल धार माझ्या डाव्या घोट्यातून निघाली आणि डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर गेली.

आम्ही तिघी बघतच राहिलो. सगळ्यांत आधी डॉक्टर भानावर आली. "लेट जाइए! आंटी, लेटिए, लेटिए, हिलिए मत!" तिने माझा पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि अंगठा घोट्यावर दाबून धरला. धार थांबली. एवढंच. पाय वर आणि अंगठा. तिने नर्सला गॉज आणायला सांगितलं आणि मग बराच वेळ ती तशीच उभी होती, माझा पाय खांद्यावर घेऊन, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसासारखी.

"वैरिकोज़ है आपको," ती म्हणाली. "किसी ने बताया नहीं?"

सांगितलं होतं. पण मला वाटत होतं की ती दिसण्याची गोष्ट आहे. माझ्या आईच्याही पायांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या, त्या नऊवारीत झाकल्या जात. माझ्या उजव्या पायावर पोटरीपासून घोट्यापर्यंत तसा गुंता होता. संध्याकाळी तो पाय सुजायचा, घोट्याच्या वर खाजायचं. तिथली कातडी चहाच्या डागासारखी झाली होती. त्यावर मी आधी नायट्याचं मलम लावलं, मग इसबाचं. ऑफिसमधली एक म्हणाली किडनी तपासा. तपासली, ठीक निघाली. नवरा म्हणाला मीठ कमी कर, केलं. उजव्या पायाची एवढी सेवा चालू होती आणि फुटला डावा. तो तर माझा चांगला पाय होता. आतल्या घोट्यावर मुगाच्या दाण्याएवढा एक निळा फुगा, बाकी काही नाही. वंदनेला गुडघे टेकले तेव्हा तो सतरंजीवर घासला असणार. असणार म्हणते, बघितलं कुणी नाही.

दोन दिवसांनी मी शिरांच्या सर्जनकडे गेले. साठीचे गृहस्थ, अस्सल लखनवी, प्रत्येक वाक्य सावकाश बोलणारे. मी प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी समजावलं ते असं. पायातलं रक्त वर चढवायला शिरांच्या आत लहान लहान झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं आणि घोट्याजवळचा दाब वाढतो. मग कातडीचं पोषण होत नाही. आधी खाज, मग काळपटपणा, मग ती कडक होते. पुढे साध्या खरचटण्याची जखम होते आणि महिनोन् महिने भरत नाही. कधी वरच्या शिरेत रक्त गोठून ती दोरीसारखी कडक आणि गरम होते, दुखते. कधी आतल्या मोठ्या शिरेत गोठतं. मग एक पोटरी अचानक सुजते, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. दम लागला, छातीत दुखलं, तर माझी वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा. "और एक ये, जो आपको हुआ. खून."

"हे याच क्रमाने होतं का?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना मी हिंदीच बोलत होते, पण लिहिलेलं मराठीत होतं.

"कोई क्रम नहीं है."

"उजव्या पायाची कातडी काळी, म्हणजे तो पुढच्या पायरीवर. मग त्याच्या आधी डाव्यातून रक्त कसं?"

"बहनजी, नस ने आपका चार्ट नहीं पढ़ा."

"बरं, मग यातलं मला काय होण्याची शक्यता किती टक्के?"

ते हसले. "प्रतिशत का क्या कीजिएगा? पैर तो आपके कुल दो ही हैं."

नवरा हसला. मी नाही हसले. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं ताळेबंद केले, त्याला "असंही होऊ शकतं, तसंही होऊ शकतं, काहीच नाही असंही होऊ शकतं" हे उत्तर पोटात घालायला जड जातं. मी घरी आले ती जास्तच गोंधळून. पाय खाली ठेवू की वर? चालू की नको? ते म्हणाले होते चाला, पण एका जागी उभ्या राहू नका. म्हणजे स्वयंपाक चालत चालत करायचा का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या सकाळी काही दुखलं नव्हतं. दुखलं नाही याचा अर्थ सगळं ठीक, हा माझा आयुष्यभराचा हिशेब होता आणि तोच आता लागत नव्हता. झोपेत फुगा फुटला तर? सर्जन म्हणाले होते, झोपल्यावर दाब कमी असतो, घाबरू नका. तरी मी पायाखाली पांढरा टॉवेल घालून झोपू लागले आणि सकाळी डोळे उघडताच तो बघू लागले.

मग मी पोटऱ्या मोजायला सुरुवात केली. एक पोटरी अचानक सुजली तर कळायला हवं ना? रोज सकाळी चहाच्या आधी नवरा शिंप्याची टेप घेऊन बसायचा. चौथ्या दिवशी उजवी पोटरी एकदम अडीच सेंटिमीटरने वाढली.

"पुन्हा मोजा," मी म्हणाले.

त्याने पुन्हा मोजली. आता तीन.

"चला," मी म्हणाले. "चप्पल घालते."

त्याने गाडीची किल्ली उचलली. मला आपला दम लागल्यासारखा वाटायला लागला. तेवढ्यात मुलगी दात घासत आली, तिने टेप आणि माझे पाय बघितले.

"पापा, कल यहाँ नापा था, आज यहाँ नाप रहे हो। ऊपर से पैर मोटा ही होगा ना!"

"कालही इथेच मोजली होती."

"कहाँ इथेच?" ती म्हणाली. घाबरली किंवा चिडली की तिची मराठी बाहेर येते. तिने बॉलपेन आणून माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर गुडघ्यापासून सारख्या अंतरावर रेघा मारल्या आणि स्वतः मोजलं. दोन्ही आदल्या दिवसाएवढ्याच होत्या. नवरा टेप गुंडाळत म्हणाला, "तुझ्या ऑफिसात मला घेऊ नकोस." त्या रेघा मी रोज नव्याने गिरवत असे.

डॉप्लरच्या, म्हणजे शिरांतलं रक्त कुठल्या दिशेला वाहतंय ते ऐकायच्या तपासणीला त्यांनी मला उभं केलं. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. तपासणाऱ्या मुलीने पोटरीला थंड जेल लावलं, पोटरी दाबली आणि सोडली. मशीनमधून सूं असा आवाज आला, आणि सोडल्यावर पुन्हा उलटा, लांबलचक सूं आला. तो उलटा आवाज यायला नको होता, तिने सांगितलं. तेच परत खाली येणारं रक्त. दोन्ही पायांत तो होता. आतल्या मोठ्या शिरा मोकळ्या होत्या, गाठ कुठे नव्हती. सर्जन म्हणाले, डाव्याचं लेझर आधी करू, उजव्याचं थंडी पडल्यावर. तोवर दोन्ही पायांना घट्ट मोजे. लखनौच्या जूनमध्ये मांडीपर्यंत घट्ट मोजे. मी म्हटलं, यापेक्षा शीर फुटलेली बरी. ते म्हणाले, "वो तो आप देख चुकी हैं."

मधल्या दिवसांत माणसं भेटायला येत होती. काकू आल्या. त्या माझ्या पायाकडे बघायचं टाळत होत्या, म्हणून मीच म्हणाले, "काकू, मलाही तेच वाटलं होतं हो."

"माझ्या नणंदेचं खरंच बादलीभर गेलं होतं," त्या म्हणाल्या.

दादा मलिहाबादच्या दशहरीची पेटी घेऊन आले. बराच वेळ आंब्यांबद्दलच बोलले, मग म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी गच्चीवर पट्टा काढून हातात घेऊन उभा होतो. मला आत घेतलं असतं तर गुडघ्याच्या वर करकचून आवळला असता. दोन मिनिटांचं काम." मला तेव्हा वहिनींचा फार राग आला. केवळ लाजेपायी एक जाणता माणूस दाराबाहेर राहिला असं वाटलं. पुढच्या भेटीत मी ते सर्जनना सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं पट्टा बाहेर राहिला. या शिरेला तसा पट्टा आवळला तर रक्ताचा वर जायचा रस्ता बंद होतो आणि ते आणखी वाहू शकतं. झोपवा, पाय छातीच्या वर, आणि जागच्या जागी दाब, बस. म्हणजे आत बायका चुकत होत्या आणि बाहेर दादा चुकायला तयार उभे होते. मी बाथरूममध्ये गरम पाण्याने चुकत होते. बरोबर तेवढं एक टेबल निघालं, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी होतं. हे दादांना अजून सांगितलेलं नाही. आंबे चांगले होते.

जूनअखेर लेझर झालं. पाय तेवढाच बधिर केला होता. मी छताकडे बघत होते आणि आत कुणीतरी शेंगदाणे भाजत असल्यासारखा वास येतोय असं मला वाटत होतं. येत नव्हता म्हणे. त्याच दिवशी मला चालवलं. बिल कंपनीने भरलं, मोजे माझे मी घेतले.

आषाढी पौर्णिमेला, भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, म्हणजे वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, मी पुन्हा वहिनींच्या वरच्या मजल्यावर गेले. हिशेब अर्धा राहिला होता तो वाचायचा होता. या वेळी खुर्चीवर बसले आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. पांढऱ्या साडीखाली कातडीच्या रंगाचे मोजे. वाचायच्या आधी मी साडी पोटरीपर्यंत वर घेतली, उजवा मोजा खाली सरकवला आणि म्हणाले, "हे सगळ्यांनी बघा."

बायका खुसफुसल्या. पुरुषांनी नजरा फिरवल्या. दादा तर पंख्याकडे बघू लागले.

"दादा, पंख्याला काही झालेलं नाही. इकडे बघा."

दादांनी बघितलं. चहाच्या रंगाची कातडी, वर शिरांचा गुंता. मी म्हणाले, कुणाचं असं असेल आणि कधी रक्त आलं, तर त्या बाईला चालवू नका, बसवू नका, झाकूही नका. झोपवा, पाय वर करा, अंगठ्याने दाबा. मग दवाखाना. दोघी-तिघींनी विचारलं, पाय किती वर? सांगून कळेना, म्हणून मी सतरंजीवर आडवी झाले आणि दोन्ही टाचा भिंतीला लावल्या. काकू माझ्या शेजारी आडव्या झाल्या. मग आणखी तिघी. पांढऱ्या साड्यांतल्या पाच बायका भिंतीला पाय लावून पडलेल्या, आणि दाराशी माझा नवरा विचारतोय, "आम्ही गच्चीवर जायचं का?"

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी मागोमाग गेले. वहिनींच्या पायात मोजे होते, जुलै महिन्यात. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"चपलेने लागलंय," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"दिवाळीत."

त्यांनी मोजा उतरवला. आतल्या घोट्याच्या वर रुपयाएवढी जखम होती, हळदीने पिवळी झालेली, आणि भोवती तोच चहाचा रंग. ते चपलेचं असेलही. त्यांना साखरेचाही त्रास आहे, त्यामुळे काय कशाचं ते मला सांगता येईना. मी एवढंच म्हणाले, "सोमवारी माझी तपासणी आहे. गाडीत मागची सीट रिकामी असते."

"सुनेला सांगू नका अजून."

"ती बाहेर भिंतीला पाय लावून झोपलीय. तिला सांगायला हवं, वहिनी."

सोमवारी सकाळी त्या सुनेबरोबर फाटकाशी उभ्या होत्या. उभ्या राहू नका म्हटलं तेव्हा पायरीवर बसल्या, पाय खाली. सर्जननी जखम बघितली, साखर आणि पायाचं रक्त दोन्ही तपासायला सांगितलं, आणि काय निघेल ते आधी सांगायला नकार दिला. वहिनींनी त्यांना टक्के विचारले नाहीत. मीही नाही.

परत येताना टेंट हाऊसपाशी गाडी थांबवली. सतरंजीवरचा डाग धुवून गेला नव्हता आणि भैयाने मंडळाकडे तिची किंमत मागितली होती. मंडळ म्हणत होतं शिल्लक रकमेतून द्या. मी म्हटलं, रक्त माझं, सतरंजी माझी.

"दाग किस चीज़ का था, भाभीजी? शरबत?" भैयाने विचारलं.

"नस फट गई थी. पैर की."

"पैर की भी फटती है?" तो म्हणाला, आणि काउंटरखाली वाकून आपल्या पायांकडे बघू लागला. तोही दिवसभर उभाच असतो.

सतरंजी आता वहिनींच्या वरच्या मजल्यावर, भिंतीलगत असते. तिचे चारशे पन्नास रुपये मी माझ्या पर्समधून, रोख, टेंट हाऊसच्या भैयाला दिले.